बरगे आणि पाझर

सीमाभागात सोयरीक करताना राज्य कुणी विचारत नाही. पाहुणे कुठले, जमीन किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का, एवढंच बघतात. तेव्हा या लेखातले दोघे एकमेकांचे व्याही आहेत, यात नवल काही नाही. एक गारगोटीकडचे. भूजल खात्यात विहिरींच्या पातळ्या मोजत त्यांची नोकरी गेली, आता निवृत्त. दुसरे निपाणी तालुक्यातल्या भोजचे, पूर्वी तंबाखूवाले आणि आता उसाचे शेतकरी. पहिल्यांचं घर वेदगंगेच्या उगमाकडे, दुसऱ्यांचं तिच्या शेवटाकडे, आणि मधे कुठंतरी शेताच्या बांधावरून महाराष्ट्र-कर्नाटकाची हद्द गेलेली. एकमेकांना ते गावानंच हाक मारतात, तीच नावं इथं ठेवली आहेत.

नदीचा रस्ता आधी सांगून टाकतो. भुदरगड तालुक्यात पाटगावला मौनी सागर धरण आहे, सुमारे पावणेचार टीएमसीचं. तिथून वेदगंगा गारगोटी, मुरगूड करत कागल तालुक्यातून खाली येते, यमगर्णीला पुणे-बंगळूर महामार्गाखालून जाते, अक्कोळ-सिदनाळ ओलांडून भोजच्या अंगाला दूधगंगेला मिळते आणि दोघी मिळून यडूरच्या बाजूला कृष्णेत. जुलैत कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, अक्कोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी हे सगळे बुटके पूल पाण्याखाली असतात आणि वर्तमानपत्रांत दरवर्षी तोच फोटो छापून येतो. त्या पाण्यावरून कुणी भांडत नाही. निपाणी शहराचा जवाहर तलाव भरायला यमगर्णीच्या जॅकवेलला चैत्र-वैशाखात पाणी लागेल का, हा प्रश्न असतो. व्याह्यांचा वादही त्याच पाण्याचा.

भोजकर : पावनं, हिशेब सरळ हाय. धरण भरलं, वरनं सोडलं, आमच्यापत्तोर आलं. चारशे क्युसेकनं सोडलं तर एक टीएमसी संपायला एकोणतीस दिवस लागत्यात. हे पाणी कागदावर येतं. कमी आलं तर मोर्चा काढता येतो. तुम्ही म्हणताय ते मुरलेलं पाणी कुणी बघितलंय? त्याच्यासाठी मोर्चा कुणाच्या दारात न्यायचा?

गारगोटीकर : बघितलंय तुम्हीच, ओळखलं नाही इतकंच. धरण नसलेला कुठलाही ओढा घ्या. पाऊस दसऱ्याला थांबतो आणि ओढा संक्रांतीपर्यंत वाहतो. तीन महिने त्यात पाणी टाकतं कोण? डोंगराच्या पोटातून पाझरून येतं ते. नदी म्हणजे असे शेकडो ओढे. धरणाचं आवर्तन सुरू होण्याआधी, आणि दोन आवर्तनांच्या मधे, पात्रात जो ओलावा राहतो तो या पाझराचा. पात्र ओलं असलं तर सोडलेलं पाणी पुढं सरकतं. कोरडं असलं तर आधी पात्रच पिऊन घेतं.

भोजकर : पात्र कमी पितं, बंधारं जास्ती. एकेक बंधारा भरून घेतल्याशिवाय वरची गावं पुढं जाऊ देत न्हाईत.

इथं ज्यांनी कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थांबतो. नदीत दगडी खांब ओळीनं उभे असतात. खांबांना दोन खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांत आडव्या फळ्या, म्हणजे बरगे, एकावर एक घालत जायचे. जुन्या पद्धतीत दोन ओळींच्या मधे चिकणमाती ठासतात. पूर्वी बरगे लाकडी होते, पुढं लोखंडी आले, आणि लोखंडी आले तसे चोरीलाही जायला लागले. पावसाच्या तोंडावर ते काढायचे, नाहीतर पूर बंधाऱ्यासकट सगळं घेऊन जातो. ऑक्टोबरमधे बरगे कधी घालायचे यावरून एकाच तालुक्यातली दोन गावं भांडतात, तर दोन राज्यं भांडली यात विशेष ते काय. कृष्णेवर शिरोळ तालुक्यातला राजापूरचा बंधारा महाराष्ट्राच्या हद्दीतला शेवटचा. उन्हाळ्यात त्याच्या बरग्यांची चर्चा कोल्हापूर आणि चिकोडी दोन्हीकडे सारखीच रंगते. नवा-जुना कुठलाही असो, बंधारा थोडा गळतोच. पाटबंधारे खात्याच्या लेखी ती गळती. खालच्या गावाला विचारा.

भोजकर : आमचं निम्मं पाणी म्हणजे वरच्या बंधाऱ्याची गळती. पक्के बंधारं बांधायला निघाले तर मी पहिला आडवा पडणार.

गारगोटीकर : बघा, आता माझ्याच वाटेला आलात. गळती तुम्हाला चालते, कारण ती सावकाश येते आणि रोज येते. डोंगरातला पाझरही तसाच. मी म्हणतो, तो वाढवू.

भोजकर : कसा? चर खणून?

या प्रश्नावर गारगोटीकरांनी जे उत्तर दिलं ते माझ्या अपेक्षेत नव्हतं. पाणी जिरवा, चर खणा, शेततळी करा, हे इतकी वर्षं ऐकलंय की भूजलवाला माणूस तेच सांगणार असं धरून चाललो होतो.

गारगोटीकर : आमच्याकडे चर खणून काही होणार नाही. पाटगावच्या वर पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. जुलैच्या मध्यापर्यंत विहिरी काठाला लागलेल्या असतात. जमीन म्हणते, आता पुरे. त्यानंतर पडेल ते सगळं वाहूनच जाणार, चर खणा नाहीतर तळं खणा. जागाच नाही तर पाणी मुरणार कुठं? तुमच्याकडे उलटं. निपाणीपासून पूर्वेला पाऊस हजाराच्या आत, चिकोडी-अथणीकडे त्याहून कमी. खडकात जागा आहे, पण भरायला पाऊस नाही. त्यात वर काळी जमीन. पहिल्या पावसात तिच्या भेगा मिटतात आणि मग ती पाणी खाली सोडायला तयार नसते.

भोजकर : मग जिथं पाऊस हाय तिथं जागा न्हाई, आणि जागा हाय तिथं पाऊस न्हाई. मिटला विषय.

गारगोटीकर : मिटला नाही. जागा किती ते तरी ऐका. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे लाव्ह्याचे थर, एकावर एक. थराचा माथा भोकाभोकांचा, कुजून मुरूम झालेला. पोट घट्ट. विहीर खणणाऱ्या वडाराला विचारा, कुठल्या थराला पाणी लागेल ते तो हात लावून सांगेल. एक घनमीटर मुरूम चिंब भिजलेला असला तरी त्यातून सुटून येतं वीसेक लिटर. दोन कळश्या. बाकीचं तो सोडत नाही. घट्ट कातळात तेवढंही नाही. आता हिशेब करा. एका हेक्टरखाली पाण्याची पातळी पाच मीटर वर आणली तर हजार घनमीटर पाणी साठलं. एक टीएमसी म्हणजे दोन कोटी त्र्याऐंशी लाख घनमीटर. म्हणजे अठ्ठावीस हजार हेक्टरवर पाच-पाच मीटर पातळी वाढवायला पाहिजे. जवळपास निम्मा भुदरगड तालुका.

भोजकर : आणि धरणाचा दरवाजा उचलला की महिन्याभरात तेवढंच पाणी. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

गारगोटीकर : खोटं कशाला सांगू? मुरवलेल्या पाण्यानं धरणाची बरोबरी होत नाही. जलयुक्त शिवारच्या वेळी टीएमसीचे आकडे बोलणारे पुष्कळ भेटले, त्यांना मी हाच हिशेब दाखवायचो. पण मला टीएमसी नकोच. मला डिसेंबर ते मार्च ओढे वाहते पाहिजेत. त्यासाठी पावसाळ्यातलं पाणी जिरवून उपयोग नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निचरून चाललेलं पाणी थोपवलं पाहिजे. ओढ्याओढ्यावर वनराई बंधारे, पोत्यांत वाळू-माती भरून. खर्च पोत्यांचा आणि दोन दिवसांच्या श्रमदानाचा. आणि दुसरं, वरचे सडे शाबूत राहिले पाहिजेत.

सड्यांचा मुद्दा मला या सगळ्या बोलण्यात मोलाचा वाटला, म्हणून जरा विस्तारानं सांगतो. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात डोंगरमाथ्यांवर जांभ्याचे सपाट सडे आहेत. खाली काळा पाषाण, वर जांभ्याची टोपी. जांभा स्पंजासारखा: पावसाळाभर पितो आणि पुढं महिनोन् महिने कडेच्या झऱ्यांतून सोडत राहतो. काळ्या पाषाणात जी जागा नाही ती या टोपीत आहे. या भागातल्या वाड्या-वस्त्या बघा, सड्याच्या खालच्या अंगाला, झऱ्याच्या जवळ वसलेल्या सापडतील. हाच जांभा काही ठिकाणी बॉक्साइट आहे. राधानगरीतल्या दुर्गमानवाडला, चंदगडातल्या कासारसड्याला त्याच्या खाणी झाल्या. माल कुठं गेला? बेळगावला, ॲल्युमिनाच्या कारखान्यात. तो कारखाना १९६९ पासूनचा. महाराष्ट्रातला डोंगरमाथा ट्रकमधून कर्नाटकात गेला, आणि त्याच माथ्यांच्या उतारावरून वाहणाऱ्या नद्यांचं पाणीही कर्नाटकातच जातं. आंतरराज्य पाणीवाटपाच्या कुठल्याही बैठकीत या दोन गोष्टी एका टेबलावर आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. खाणीनं झरे किती आटले हे झऱ्यागणिक मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि न मोजता बोलणं गारगोटीकरांना आवडत नाही. पण टोपी काढल्यावर डोकं तापणार, यासाठी मोजमाप कशाला?

भोजकर : हे पटलं. सडा तुमचा, झरा तुमचा, नदी आमची. मग सडा राखायचा पैसा कुणी द्यायचा?

गारगोटीकर : तुम्ही.

भोजकर : (हसून) आलं ध्यानात. म्हणून पावनं इतकं गोड बोलत होतं.

गारगोटीकर : का नको? दूधगंगेवर काळम्मावाडीचं धरण झालं, सुमारे पंचवीस टीएमसीचं, त्यात कर्नाटकाचा चार टीएमसी हिस्सा धरलाच ना? धरणात हिस्सा चालतो तर डोंगरात का नाही?

भोजकर : धरणातला हिस्सा सोडताना दिसतो. चार म्हणजे चार. डोंगरात पैसा घातला, पाणी मुरलं, पाझरलं, आणि ते भोजला यायच्या आधीच कागलात कुणीतरी मोटार टाकली, तर मी काय करणार? तुमच्या मुरवलेल्या पाण्यावर पहिला हात विहिरवाल्याचा. नदीचा नंबर शेवटचा. माझा त्याच्याही मागं.

भोजकरांचा खरा आक्षेप हा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पाणी जिरवण्याच्या कामांनंतर गावात पहिली वाढते ती विहिरींची खोली आणि उसाचं क्षेत्र. हिवरे बाजारनं हे ओळखून शेतीसाठी बोअर आणि ऊस दोन्हीवर गावातच बंदी घातली, म्हणून तिथलं पाणी टिकलं. पण ते एक गाव, पोपटराव पवारांसारखा सरपंच, आणि पाणलोट जवळजवळ सगळा शिवारातला. इथं एक नदी, कित्येक गावं, दोन राज्यं आणि वर साखर कारखाने. नदीकाठी निदान उपसाबंदी तरी लागते. ठरलेल्या दिवसांत मोटारी बंद, नाहीतर वीजच तोडतात. उपसाबंदी लागते ती नदीवरच्या मोटारींना. काठापासून शे-दोनशे फुटांवर विहीर असेल तर ती विहीर म्हणून मोकळी.

गारगोटीकर : तुमची मळीतली विहीर नदीपासून किती लांब?

भोजकर : आता ते कशाला?

गारगोटीकर : सांगा की. मी बघितलीय. बंधाऱ्यात पाणी असलं की तुमची विहीर भरलेली, बरगे काढले की आठवड्यात खाली. ती विहीर नव्हे, ती नदीच आहे. वर सिमेंटचं कडं बांधलंय एवढंच.

भोजकर : असंल. पण सरकारी कागदावर ती विहीर हाय आणि हेस्कॉमची वीज फुकट हाय.

फुकट विजेवर दोन्ही राज्यांचं एकमत आहे. कर्नाटकात शेतीपंपाला दहा हॉर्सपॉवरपर्यंत पूर्वीपासून माफी. महाराष्ट्रानं २०२४ मधे साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत दिली. सीमाप्रश्न १९५६ पासून भिजत पडलाय, पाण्याचे लवाद दशकं घेतात, पण मोटारीच्या बिलाच्या बाबतीत सरकारं झटपट एका ओळीत येतात.

आणि कायदा? कृष्णेच्या पाण्याचा पहिला लवाद, बच्छावत लवाद, १९६९ मधे नेमला गेला. त्यानं वर्षाला भरवशाचं पाणी २०६० टीएमसी धरलं आणि महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८०० अशी वाटणी केली. हे आकडे सीमाभागात शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतात. त्याच निवाड्यातलं एक कलम मात्र फारसं कुणी काढत नाही. त्यात लवादानं म्हटलंय की कृष्णा खोऱ्यातलं भूगर्भातलं पाणी प्रत्येक राज्यानं आपल्या हद्दीत मोकळेपणानं वापरावं, आणि तो वापर कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून मोजला जाणार नाही. म्हणजे नदीतून एक बादली उचलली तर ती राज्याच्या खात्यावर चढते. नदीला मिळणारा पाझर काठावर अडवून हजार बादल्या उचलल्या तर खात्याला पत्ताही नाही.

मजा अशी की पाझर म्हणून काही असतो हे त्याच लवादाला मान्य होतं. कालव्यानं शेतात गेलेल्या पाण्यातला काही भाग मुरून पुन्हा नदीला मिळतो, हे धरून त्यानं तिन्ही राज्यांच्या वाट्यात मिळून ७० टीएमसीची भर घातली : महाराष्ट्र २५, कर्नाटक ३४, आंध्र ११. नदीकडं येणारं मुरलेलं पाणी जमेला धरलं. नदीकडं येण्याआधी काढून घेतलेलं खर्चाला धरलं नाही. कुठल्या वाण्यानं अशी वही ठेवली असती?

भोजकर : हे तुम्ही सांगताय, पण कर्नाटकाला यातलं चांगलं कळतं. कावेरीत काय झालं? २०१८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, तमिळनाडूकडं जमिनीखाली पाणी हाय, त्यातलं दहा टीएमसी हिशेबात धरा. कर्नाटकाला एकूण पावणेपंधरा टीएमसी जादा मिळालं, त्यात हे दहा.

गारगोटीकर : बरोबर. म्हणजे खालच्या राज्याचं भूजल मोजून वरच्याला पाणी दिलं. आता हाच न्याय वेदगंगेला लावला तर खालचं राज्य कोण?

भोजकर : (थांबून) तसं बघितलं तर आम्हीच.

गारगोटीकर : मग महाराष्ट्रानं म्हणावं का, की भोजच्या मळीत पाणी हातभर खोल आहे, आवर्तन कमी करा?

भोजकर : म्हणून बघा. आणि त्या मळीतलं पाणी वापरायचं कशाला? खारं हाय ते. तुम्ही पाणी मुरवा म्हणताय, माझ्या रानात पाणी वर आलंय, पांढरं फुटलंय. पलीकडं शिरोळात जमिनीत भोकांच्या पाईपा घालून पाणी बाहेर काढायला लागत्यात.

शिरोळ तालुक्यातला क्षारपडीचा प्रश्न आणि त्यावरच्या सच्छिद्र निचरा पाईपच्या योजना हा स्वतंत्र विषय आहे. इथं एवढंच, की एकाच खोऱ्यात वरच्या अंगाला पाणी जिरवायला जागा नाही, मधे जागा आहे तर पाऊस नाही, आणि खाली नदीकाठी जास्तीचं जिरल्यानं रान मेलेलं. ‘भूजल पुनर्भरण’ या दोन शब्दांत हे तिन्ही बसवणाऱ्या सरकारी योजना हद्दीच्या अलीकडेही आहेत आणि पलीकडेही. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, कर्नाटकाचा २०११ चा. दोन्ही आपापल्या हद्दीपाशी थांबतात. त्यांच्या मुळाशी मात्र अजून १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. ज्याची जमीन, त्याच्या खालचं पाणी त्याचं.

अमेरिकेतलं एक उदाहरण या व्याह्यांना सांगितलं. रिपब्लिकन नदी कोलोरॅडो, नेब्रास्का आणि कॅन्सस या तीन राज्यांतली. १९४३ मधे तिच्या पाण्याचा करार झाला. पुढं नेब्रास्कात बोअरवेल वाढल्या आणि खालच्या कॅन्ससला पाणी कमी यायला लागलं. करारात तर नदी होती, बोअर नव्हत्या. कॅन्सस कोर्टात गेलं. शेवटी ठरलं की नदीचा पाझर तोडणाऱ्या बोअरचा उपसा नदीच्याच खात्यावर लावायचा. २००२ मधे तडजोड झाली, तिन्ही राज्यांनी मिळून भूजलाचं एकच गणिती प्रारूप मान्य केलं. तरी नेब्रास्कानं मर्यादा ओलांडलीच, तेव्हा २०१५ मधे त्याला पंचावन्न लाख डॉलर भरावे लागले. मर्यादा पाळायला नेब्रास्कातल्या पाणी जिल्ह्यांनी काय करावं? बागायती जमिनी विकत घेतल्या, तिथली शेती बंद केली आणि तेच बोअरचं पाणी नदीत सोडायला लागले.

भोजकर : म्हणजे ऊस काढून टाकून बोअरचं पाणी वेदगंगेत? आमच्याकडं असा प्रस्ताव घेऊन येणाऱ्याला आधी जेवायला घालीन, मग वेशीपत्तोर पोचवीन.

गारगोटीकर : तुमची तंबाखू तर पावसाच्या ओलीवर यायची. एक थेंब द्यायला लागत नव्हता. एकोणीसशे एक्क्याऐंशीला तुम्ही तरुण होता, महामार्गावर बसला होता.

भोजकर : बसलो होतो. शरद जोशी आलं, आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली. दर मिळत न्हवता म्हणून बसलो होतो. पाणी नको होतं, दर पाहिजे होता. उसाला निदान कारखान्याचं बिल येतं. तुमच्या नदीसाठी मी पुन्हा बिनदराच्या पिकावर जाऊ?

यावर गारगोटीकर गप्प बसले. त्यांचं गप्प बसणं मला त्यांच्या सगळ्या आकड्यांपेक्षा प्रामाणिक वाटलं. नदीचा उन्हाळी प्रवाह हा शेवटी पिकाच्या दराचा प्रश्न आहे. ओढ्यावर कितीही पोती रचली तरी नोव्हेंबरात थोपवलेलं पाणी जानेवारीत उसाला जाणार असेल तर ओढा मार्चमधे कोरडाच. मुरवणं आणि उपसणं यांची चर्चा वेगवेगळ्या खात्यांत होते, दोन्ही राज्यांत. मृद व जलसंधारणवाले पाणी घालतात, वीजवाले काढतात आणि पाटबंधारेवाले उरलेलं वाटतात.

थोड्या वेळानं भोजकरांनीच विषय पुन्हा काढला.

भोजकर : एक विचारू? तुमच्याकडं जुलैत जागा उरत न्हाई म्हणालात. मग पाऊस यायच्या आधी मे महिन्यात विहिरी उपसून रिकाम्या केल्या, तर जागा होईल का न्हाई?

गारगोटीकर : (चमकून) हे कुठं वाचलंत? १९७५ मधे रेव्हेल आणि लक्ष्मीनारायण या दोघांनी गंगेच्या खोऱ्यासाठी हेच सुचवलं होतं. उन्हाळ्यात भूजल भरपूर उपसा, पावसाळ्यात रिकामी झालेली जागा पुरानं भरा. ‘गंगेचं जलयंत्र’ म्हणायचे त्याला.

भोजकर : वाचलं कुठलं. मोटार चालवतोय ते पुण्यकर्म ठरतंय का बघत होतो.

गारगोटीकर : गंगेत ठरेल. तिथं शेकडो फूट वाळू-गाळ. आपल्याकडे दोन कळश्यांचा मुरूम. आणि मे महिन्यात पाटगावला उपसून त्या पाण्याचं करणार काय? नदीत सोडणार?

भोजकर : सोडा की! आमच्याकडं मेमधेच पाहिजे.

ही कल्पना हसण्यावारी गेली, पण मला ती तितकी हास्यास्पद वाटत नाही. ज्या पट्ट्यात विहीर दर पावसाळ्यात काठोकाठ भरण्याची खात्री आहे, तिथं उन्हाळ्याअखेरीस ती रिकामी असणं हा तोटा नाही. वरच्या गावांनी मेमधे विहिरीचं पाणी वापरून धरणाचं पाणी खाली जाऊ दिलं, तर ती अदलाबदलच झाली. अशा अदलाबदलीची बोलणी मोठ्या प्रमाणावर झालेली आहेत. कोयना-वारणेतून उन्हाळ्यात कृष्णेला पाणी सोडावं आणि त्याबदल्यात कर्नाटकानं तुबची-बबलेश्वर योजनेतून जतच्या दुष्काळी गावांना द्यावं, हा विषय दोन्ही राज्यांत अनेकदा निघाला. तो अडतो नेहमी एकाच ठिकाणी: आधी कुणी सोडायचं?

वेदगंगेसाठी मला स्वतःला वाटतं ते साधं आहे. मार्चमधे हद्दीवर नदीत किती पाणी आहे ते दोन्ही राज्यांनी मिळून, एकाच जागी, एकाच दिवशी मोजावं. महाराष्ट्राचं भूजल खातं वर्षातून चार वेळा विहिरी मोजतं, कर्नाटकाचं खातं आपल्या वेळापत्रकानं मोजतं. दोन्हीकडच्या वह्या शेजारी ठेवल्या तरी पाझर कुठं तुटतो ते दिसायला लागेल. नवा लवाद त्यासाठी नको. पंचवीस-तीस विहिरी, दोन तालुक्यांतली दोन माणसं आणि एक टेप पुरे. जांभ्याच्या सड्यांवरचे झरेही त्याच वहीत यावेत. हे मी दोघांपुढं मांडलं.

गारगोटीकर : टेप माझ्याकडे आहे.

भोजकर : विहीर मोजा, ना न्हाई. रोज मोजा. चहा देतो.

गारगोटीकर : नुसती पातळी मोजून भागत नाही. किती उपसलं ते कळलं पाहिजे. मोटारीला मीटर बसवायला लागेल.

भोजकर : मीटर न्हाई. मीटर लागला की पुढं बिल येणार, हे लहान पोरगं सांगंल.

गारगोटीकर : मग वरून पाझर आला आणि भोजला पोचला नाही, तर तो कुणी खाल्ला हे कसं ठरवायचं?

भोजकर : कागलवाल्यांनी खाल्ला, त्यात ठरवायचं काय? आधी त्यांना मीटर लावा. त्यांनी लावला की दुसऱ्या दिवशी माझ्या मोटारीला मी सोत्ता लावतो.

गारगोटीकर : गेल्या आठवड्यात कागलात होतो. ते म्हणाले, आधी भोजला लावा.